सॅल्मनचं पाणी आपल्याकडं गणपती गेल्यावर येतं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मिरीग तोंडावर आलाय आणि पोरं परत मोबाईल घेऊन यायला लागलीत, म्हणून हे पत्र. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि सुट्टीला गळ घेऊन नदीवर जातो हे आसपासच्या गल्ल्यांत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कुणाला शिशाचं वजन ओतून पाहिजे असतं, कुणाला पितळी स्पिनरचा, म्हणजे पाण्यात गरगर फिरून चमकणाऱ्या आमिषाचा, दांडा टर्न करून पाहिजे असतो, ती सगळी माझ्याकडंच येतात. यंदा प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच प्रकार दिसतोय. स्कॉटलंडची नदी, काठोकाठ पाणी, हातात लांब रॉड, आणि वजन लावलेली कसलीतरी घरगुती जोडणी धारेत सोडून चांदीसारखा सॅल्मन काठावर घेतलेला. "काका असलंच सेम करून द्या की, पाऊस लागला की दूधगंगेवर जातो." करून द्यायला माझी ना नाही, पण त्या व्हिडिओतलं भरलेलं पाणी आणि आपलं जून-जुलैचं भरलेलं पाणी ह्यात फार फरक आहे आणि तो त्यांना कोण सांगत नाही. जागा असली तर सगळं छापा, नसली तर काटछाट करा, फक्त पाण्याचा आणि वजनाचा भाग तेवढा ठेवा.

आधी तिकडचं बघू. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत आपल्या नदीत येतो, एवढं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण सगळे एकदम येत नाहीत. टे नदीवर गळाचा सीझन १५ जानेवारीला उघडतो, ट्वीड आणि डी नदीवर १ फेब्रुवारीला, आणि तिथनं मे महिन्यापर्यंत जे मासे समुद्रातून वर चढतात त्या वसंतातल्या सॅल्मनला तिकडं मोठा मान. आता गंमत बघा, ह्या माशाला अंडी घालायची असतात नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, म्हणजे हा बाबा कितीतरी महिने आधीच येऊन नदीत मुक्काम ठोकतो आणि तेवढ्या सगळ्या काळात नदीत काही खात नाही, अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. मग न खाणारा मासा गळाला तोंड का लावतो? तिकडची माणसं ह्यावर पिढ्यान् पिढ्या वाद घालतात, कोण म्हणतं चिडून, कोण म्हणतं समुद्रातली जुनी सवय. काही असो, लावतो हे खरं.

आणि पाणी कसलं, तर डोंगरावरचा बर्फ वितळून आणि पावसाचं मिळून वाढलेलं, पाच-सात डिग्रीचं, गार. असल्या थंडीत मासा सुस्त असतो, पाठलाग करत नाही, तळाशी खडकाच्या आडोशाला नाहीतर काठाजवळच्या शांत पाण्यात पडून राहतो. त्याच्या तोंडासमोरून आमिष सावकाश आणि तळालगत नेलं तरच तो हलतो. पण नदी भरलेली, धार जोरात, हलका स्पिनर टाकला की धार त्याला वर उचलून काठावर आणून टाकते. म्हणून वजन. त्या जोडणीचं सगळं कारण एवढंच आहे, गार पाण्यातल्या सुस्त माशापर्यंत जोराच्या धारेतून खाली पोचणं. लांब फेकायला म्हणून ते वजन लावत नाहीत, पोरांचा इथंच घोटाळा होतो.

जोडणी मात्र खरंच हुशारीची आहे. तीन तोंडाची फिरकी घ्यायची, एका तोंडाला रिळाकडून येणारी मुख्य तंगूस (गळाची नायलॉन दोरी), दुसऱ्या तोंडाला वावभरापेक्षा कमी लांबीची तंगूस लावून तिच्या टोकाला आमिष, आणि तिसऱ्या तोंडाला हातभर कच्च्या तंगुशीवर वजन. कच्ची म्हणजे मुद्दाम कच्ची, मुख्य तंगूस १५ ते २० पौंडांचा ताण सोसणारी असेल तर वजनाची ६ ते ८ पौंडांचा. वजन कपारीत अडकलं की जोर लावायचा, वजन तेवढं तुटतं, बाकी सगळं हातात परत येतं. आमिष म्हणून तिकडं डेव्हन मिनो नावाचा प्रकार चालतो, लाकडाचा बोटभर मासा, पोटातून आरपार नळी, मानेपाशी दोन तिरके पंख, धारेत धरला की आपोआप गरगर फिरतो. पितळेचाही करतात, पण पितळेचा बुडून तळाला घासतो. लाकडाचा असला की वजन तळावर टकटक करत सरकतं आणि मासा तळापासून वीतभर वर तरंगत फिरत राहतो, मला तर हेच सगळ्यात आवडलं. सागवानाच्या कटपीसमधून लेथवर आरामात निघतो, पंखांना पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, चालतो, आतली नळी जुन्या रेडिओच्या एरियलची बसते. पोट पिवळं, पाठ हिरवी रंगवायची.

एक अडचण आहे, असलं फिरणारं आमिष तंगुशीला पीळ भरतं आणि तासाभरात सगळ्या रिळाची जटा होते. त्यावर वाय नदीवरच्या लोकांनी वजनच असं काढलं की ते तारेच्या खाली एका बाजूला लोंबतं, खालच्या जडपणामुळं स्वतः फिरत नाही आणि पीळ त्याच्या मागच्या फिरकीत अडकून राहतो, पुढं रिळाकडं जात नाही. हे वजन घरी करायला सगळ्यात सोपं, एक तार, दोन्ही टोकांना डोळे, मध्ये खालच्या अंगाला वजन. तीन तोंडाची फिरकी बाजारात मिळाली नाही तर ह्याच्यावर भागतं. तंत्र असं की काठावरनं धारेच्या आडवं, थोडं खालच्या अंगाला फेकायचं, रॉडचं टोक वर धरायचं, रीळ जवळजवळ फिरवायचंच नाही, धारच आमिषाला अर्धगोल फिरवत आपल्या काठाला आणते. वजन अधूनमधून तळाला लागलं पाहिजे. सारखं अडकतंय तर जड झालं, कधीच लागत नाही तर हलकं आहे. काठाशी आलं की लगेच उचलायचं नाही, तिथं थोडा वेळ लटकू द्यायचं, भरल्या पाण्यात मासा काठालगतच असतो.

आता आपल्याकडं या. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, तेव्हा मार्कंडेय नदीत म्हशी बसायला पाणी नसतं. आपलं भरलेलं पाणी येतं मिरीग-आर्द्राला, आणि ते कसलं येतं हे नदीकाठच्या कुणालाही विचारा, तांबडं, चिखलाचं, लाकडं-कचरा घेऊन, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. स्पिनर हा दिसण्याचा आणि चमकण्याचा खेळ आहे. मरळ डोळ्यानं शिकार करते, महाशीर डोळ्यानं करतो, ह्या पाण्यात त्यांच्या नाकासमोरनं पितळ फिरलं तरी दिसणार नाही. शिंगाळा मिशांनी आणि वासानं शोधतो, पण त्याला ह्या पाण्यात गांडूळ लावलेला साधा गळ पुरतो, कृष्णाकाठची जुनी माणसं दोरीला लोखंडी नट बांधून डोक्याभोवती गरगर फिरवून भिरकावतात तसला. त्याला रॉड नको, रीळ नको, स्कॉटलंड तर नकोच.

दुसरं म्हणजे त्या पाण्यात मासा काय करतोय ते बघा. स्कॉटलंडचा वसंतातला सॅल्मन अंडी घालायला महिनोन् महिने अवकाश असलेला असतो. आपला जूनमधला मासा आज-उद्या अंडी घालणार असतो. पहिल्या मोठ्या पावसाला चढणीचे मासे ओढ्यातनं, पाटातनं, खानापूर-चंदगडकडं तर पार भाताच्या खाचरात चढतात, रहू-कटला धारेच्या उलट्या अंगाला जातात, आणि बंधारा आडवा आला की त्याच्या खाली थव्यानं अडकतात. सॅल्मन अकरा-बारा फुटांची उडी मारतो म्हणे, आपल्या माशांना तेवढं कुठलं जमायला, आणि गोकाकच्या १७० फुटी धबधब्यापुढं तर सॅल्मनही हात टेकेल. तर असल्या अडकलेल्या, पोट अंड्यांनी टचटचीत भरलेल्या माशांवर बंधाऱ्याखाली पागजाळी पडतात, कुठं जिलेटिन उडतं, कुठं बॅटरीचा करंट सोडतात, आणि आता त्यात वजनाच्या जोडणीचे तीन-तीन काट्यांचे गळ. आमिष माशाला दिसतच नाही, मग गळ पोटात, पाठीत, कल्ल्यात कुठंही अडकवून मासा ओढतात आणि त्याला स्पिनिंग म्हणतात. खाचरात चढलेले चार मासे टोपलीनं धरून एका संध्याकाळी कुणी रस्सा केला तर त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते आमच्या आज्यापासून चालत आलंय आणि त्यानं नदी रिकामी झाली नाही. बंधाऱ्याखालचा प्रकार वेगळा.

मरळीचं तर बघवत नाही. पावसाळ्यात मरळीची पिल्लं तांबड्या गोळ्यासारखी थव्यानं वर येतात आणि नर-मादी खाली राखण करत असतात. पोरांना तो तांबडा थवा दिसला की त्यावर बेडकाचं नाहीतर स्पिनरचं आमिष टाकतात, राखणीला असलेली मरळ भूक असो नसो पिल्लं वाचवायला झेप घेते आणि लागते. मोबाईलवर फोटो टाकतात, "मॉन्स्टर". आणि मागं राहिलेली ती शेकड्यांनी पिल्लं तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातात. ह्यात कौशल्य काय आहे ते मला कोण सांगेल का?

तिकडचं घ्यायचंय ना, मग सगळंच घ्या. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून १ एप्रिलच्या आत लागलेला प्रत्येक सॅल्मन जिवंत सोडायचा असा कायदा आहे, अंडी घालायला एवढा वेळ असूनही. रविवारी सॅल्मनला गळ टाकायलाच बंदी आहे. (आमच्यातल्या सगळ्यांना सुट्टी रविवारचीच, हा कायदा इथं आला तर वर्कशॉपवाल्यांनी करायचं काय हा प्रश्न आहेच.) व्हिडिओत शेवटी मासा पाण्यात परत सोडतात ते पोरं बघत नाहीत, तोवर पुढचा व्हिडिओ लागलेला असतो.

तर मग ही जोडणी आपल्याकडं वापरायचीच नाही का? वापरायची की, पण गणपती गेल्यावर. भाद्रपद सरताना पाऊस ओसरतो, नदी अजून उन्हाळ्यापेक्षा कितीतरी वर असते, धार असते, पण तांबडेपणा जाऊन पाणी हिरवट व्हायला लागतं. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचं हे पाणी म्हणजे त्यांच्या वसंतातल्या पाण्याला आपल्याकडचं सगळ्यात जवळचं. तिकडचेही जाणते लोक चढत्या पाण्यावर जात नाहीत, उतरत्या आणि निवळत्या पाण्यावर जातात, महिन्यापेक्षा पाण्याचा रंग बघतात. माझी खूण साधी आहे, स्पिनरचं पितळी पान तंगुशीला बांधून काठावरनं सोडायचं, हातभर खोल दिसलं तर गळ काढायचा, नाहीतर भजी खाऊन घरी यायचं. माझ्या अनुभवात लहान नद्या आधी निवळतात, असोग्याची मलप्रभा स्वच्छ झाली तरी यडूरजवळ कृष्णा गढूळच असते. तोवर बहुतेक माशांची अंडी घालून झालेली असतात, मरळीची पिल्लं आपापली पांगलेली असतात, आणि मासा भुकेला असतो. सॅल्मनसारखी चिडायची वाट बघावी लागत नाही, आपला मासा खायलाच येतो. महाशीर मात्र पावसाळाभर अंडी घालतो आणि आधीच कमी झालाय, तो कधीही लागो, ओल्या हातानं गळ काढून सोडून द्या. आणि टे नदीवर १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाईन नावाच्या बाईंनी ६४ पौंडाचा सॅल्मन धरला, ब्रिटनमध्ये गळावर तेवढा मोठा सॅल्मन अजून कुणाला लागलेला नाही, तो लागला ७ ऑक्टोबरला. वसंतात नव्हे.

वजनात मात्र बदल करा. आपलं पाणी गार नाही, मासा सुस्त नाही, त्याच्यापुढं सावकाश ओढायची गरज नाही, त्यामुळं तिकडं ३० ग्रॅम लागतं तिथं आपल्याला बऱ्याच वेळा निम्म्यात भागतं. आणि शिसं नको. पोरं अलाइनमेंटवाल्याकडनं चाकांची जुनी शिशाची वजनं आणतात आणि घरात गॅसवर पळीत वितळवतात, त्याच्या वाफा आणि भुकटी सगळ्या घरादाराच्या पोटात जाते, आणि साचा जरा जरी ओला असला तरी पाण्याची वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण ही पोरं कॉम्प्युटर शिकलेली. ब्रिटनमध्ये १९८७ पासून एक औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी आहे, अगदी बारीक छर्रे सोडून, का तर दाणे दळायला म्हणून खडे गिळणारे हंस तळातली ती वजनं गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे. म्हणजे जी वजनं बघून आमची पोरं शिसं ओतालेत, त्यातलं एक औंसापर्यंतचं शिसं तिकडच्या दुकानात मिळतच नाही! आपल्याकडं धुपदाळला घटप्रभेचं पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं लांबलांबनं पक्षी येतात, नदीत तुटलेलं प्रत्येक वजन तळालाच पडून राहतं. आणि वर सांगितलेल्या जोडणीत तर वजन तुटण्यासाठीच असतं.

त्यामुळं लोखंड वापरा. उद्यमबागेत भंगारात नट, बोल्टाचे तुकडे, जुने स्पार्क प्लग ढिगानं मिळतात. शिसं पाण्यापेक्षा अकरा पटीनं जड, लोखंड पावणेआठ पटीनं, म्हणून तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा जरा मोठा होतो, धार त्याला थोडी जास्त ढकलते, पण पाण्यात गेल्यावर त्याचं वजन फक्त आठवा हिस्सा कमी होतं. दगड बांधाल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी होतं, ३० ग्रॅमचा गोटा पाण्यात १९ ग्रॅमसारखा वागतो, तेवढा हिशोब धरला तर जाळीत बांधलेला गोटाही चालतो आणि फुकट असतो. लांबट, टोकाला निमुळतं वजन कमी अडकतं, चपटं एका जागी बसतं आणि गोल गडगडत जातं. खडकाळ तळ असला तर मी स्पार्क प्लगच लावतो.

राहिलं उभं कुठं राहायचं. व्हिडिओत माणूस छातीपर्यंतची रबरी पँट घालून नदीत उभा असतो ते बघून इथं बर्मुड्यावर पाण्यात उतरू नका. भरल्या पाण्यात मासाच काठाशी आलेला असतो, तुम्ही आत जाऊन त्याला उठवता. बंधाऱ्याच्या खाली तर उभंच राहू नका, तिथं वरून पडणारं पाणी खाली जाऊन परत मागं फिरतं आणि पोहणाऱ्यालाही सोडत नाही. भीमगड आणि धुपदाळ अभयारण्यं आहेत, तिथं गळ न्यायचाच नाही. धरणावर जिथं मासेमारीचा ठेका असेल तिथं भोई मंडळींना आधी विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे, आपला टाइमपास.

शेवटी आपल्या पेपरकडं एक मागणं आहे. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली गेले की आपण नावं छापता, ते चांगलंच आहे. पण आपल्या नद्यांचं पाणी येतं वरनं. दूधगंगेला काळम्मावाडी धरणाचं, वेदगंगेला पाटगाव धरणाचं, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तर पाणी चढलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी पंचगंगेतनं कृष्णेत येतं. इकडं चिकोडी-निपाणीला कडक ऊन असतं, पोरं दगडावर बसलेली असतात, आणि नदी चढायला लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसालाही हे होतं, तेव्हा मात्र पेपरात पुराच्या बातम्या बंद झालेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच आम्ही नदीवर असतो. तेव्हा पुलांच्या यादीसोबत काळम्मावाडी, पाटगाव, राधानगरी आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणामधनं किती क्युसेक सोडलं आणि किती वाजता सोडलं हे रोज छापा, आणि ते दिवाळीपर्यंत चालू ठेवा. एका लहान चौकटीत बसेल, शेवटच्या पानावर जाहिरातींच्या शेजारी टाकलं तरी चालेल.

आपला,
उद्यमबागेतला एक वाचक,
बेळगाव